मिशी, मास्क आणि नीलवरचे शेवटचे दोन दिवस

उद्यमबागचा लेथवाला

अंदमानच्या नील बेटावरून लिहितोय. रेंज येते-जाते, म्हणून सगळं एकदाच टाकतो. लांबलं तर सांभाळून घ्या.

आम्ही चौघं आहोत. मी, सौ., मेव्हणा आणि त्याची बायको. बेळगावच्या सांबरा विमानतळावरून बेंगळूर, तिथून पोर्ट ब्लेअर (आता श्री विजयपुरम म्हणायचं, पण बोटवाले अजून ब्लेअरच म्हणतात), मग हॅवलॉकला तीन रात्री आणि कालपासून नील. आज मंगळवार. शुक्रवारी सकाळी अकराला ब्लेअरहून विमान. म्हणजे हातात बुधवार-गुरुवार.

आता खरी गोष्ट. पोहायला मला येतं. येळ्ळूरच्या विहिरीत शिकलोय, पाठीला डालड्याचा डबा बांधून, चुलत्यानं वरून ढकलून. पण विहिरीतलं पोहणं म्हणजे तोंड वर. तोंड पाण्यात घालून, नळीतून श्वास घेत, निवांत पालथं पडून राहायचं (स्नॉर्कलिंग म्हणतात) हे या अंगाला पन्नास वर्षांत कुणी शिकवलेलंच नाही. हॅवलॉकला एलिफंट बीचवर पहिल्यांदा तोंड घातलं आणि मोजून चार सेकंदात डोळ्या-नाकावरच्या काचेच्या मास्कमध्ये पाणी. नाकात, डोळ्यात, सगळीकडे. काढला, पुसला, परत लावला, परत पाणी. गाईड पोरगं हसून म्हणालं, 'अंकल, मूँछ.'

माझी मिशी झुपकेदार आहे. लग्नाच्या आधीपासूनची. मास्कची खालची कड नाकाखाली बरोबर तिच्यावर बसते आणि केसांमधून पाणी वाट काढतं. गॅस्केटखाली सुतळीचा धागा राहिला तर ऑइल गळणारच, हे तीस वर्षं लेथवर काढलेल्या माणसाला त्या पोरानं सांगायला नको होतं. सौ. म्हणाली, काढून टाका. मी म्हटलं, विचार करतो. विचारात तीन दिवस गेले. बाकीचे मासे बघत होते आणि मी काठावर शहाळी पीत, पाठ पोळून घेत बसलो होतो.

आज सकाळी आठला भरतपूर बीचवर दुसऱ्या पोरानं अरुंद कडेचा मास्क दिला आणि मिशीवर व्हॅसलिनचा लेप थापला. वीस मिनिटं टिकला. त्या वीस मिनिटांचं काय सांगू. खाली पुरुषभर पाणी, तळ आमच्या अंगणासारखा स्वच्छ. हातभर लांबीचा एक निळा-हिरवा मासा प्रवाळाला दात लावून कुरतडत होता आणि ते ऐकू येत होतं हो! बीडाच्या (ओतीव लोखंडाच्या) जॉबवर टूलचा पहिला कट लागला की कुर्र होतं ना, तस्सं, फक्त बारीक. मग त्याच्या मागनं पांढरा धूर सुटला. मला वाटलं घाबरला बिचारा. वर आल्यावर पोरगं म्हणालं, तो पोपट मासा, धूर नाही, वाळू आहे. खातो दगड, हगतो वाळू (शब्दाबद्दल माफी). किनाऱ्यावर ज्या पांढऱ्याशुभ्र वाळूत आम्ही चटई टाकून इडल्या खाल्ल्या, तिच्यातली बरीचशी असल्या माशांच्या पोटातून आलेली म्हणे. सौ.ला अजून सांगितलेलं नाही.

आणि आता कुठं जमायला लागलंय तर दिवस संपले. म्हणून विचारतो. गुरुवारी सकाळीच ब्लेअरला निघायचं, की दुपारपर्यंत इथंच पाण्यात राहायचं? सौ. म्हणते, सेल्युलर जेल न बघता घरी गेलो तर गल्लीत तोंड कसं दाखवायचं. मेव्हण्याला उद्या स्कूबा करायचाय (हवेची टाकी घेऊन खोल जायचं), पण हॉटेलात एकानं सांगितलं की पाण्यात उतरलं की चोवीस तास विमानात बसता येत नाही. हे माझ्या नळीवाल्या प्रकारालाही लागू आहे काय? दुपारी तीनला इथं पाणी एवढं ओसरलं की प्रवाळांची डोकी उघडी पडली, मग उतरायचं तरी कधी? आईनं पूजेसाठी शंख मागितलाय, वाळूत कितीतरी पडलेत, एक उचलला तर चालेल काय?

आणि मिशीला काढण्याखेरीज काही उपाय?

खानापूर पॅसेंजर

मिशी ठेवा, बेट सोडा. समुद्र काय, चोर्ला घाट उतरला की आहेच.

निपाणीची काकू

लेथवाले भाऊ, आधी ते शंखाचं. उचलू नका. वाळूतला मेलेला असो की रिकामा असो, हात लावू नका. प्रवाळ, मोठे शिंपले, कितीतरी जातींचे शंख हे सगळं वन्यजीव कायद्यात येतं, वाघ ज्या यादीत तिथंच प्रवाळ. आमच्या ग्रुपमधल्या एकीनं प्रवाळाचा बोटभर तुकडा पर्समध्ये टाकला होता, 'पडलेलाच तर होता' म्हणून. ब्लेअरच्या विमानतळावर मशीनमध्ये दिसला. पर्स उलटी केली, लिहून घेतलं, आम्ही सगळे तिच्यामागं घाम पुसत उभे. ब्लेअरमध्ये सागरिका म्हणून सरकारी एम्पोरियम आहे, तिथून घ्या आणि बिल पाकिटात वरच ठेवा, बॅगेच्या तळाला नको. आईंना सांगा बिलासकट शंख आलाय, जास्त पुण्य.

पाठीचं म्हणाल तर दुपारी उघड्या अंगानं उतरू नका. पूर्ण बाह्यांचा जुना टी-शर्ट घाला. पाण्यात थंड वाटतं म्हणून कळत नाही, रात्री उशी टोचायला लागली की कळतं. क्रीमचे थर थापून उतरू नका, ते तुमच्या पोपट माशाच्याच ताटात जातं.

आणि जेल बघाच. मी वहिनींच्या बाजूची.

मालवणचा जावई

दादा, मी राहायला जांबोटीला, सासुरवाड मालवण. दर हिवाळ्यात तिथं पाण्यात असतो, स्कूबाचा कोर्स केलाय. क्रमानं नाही, जसं सुचेल तसं सांगतो.

मेव्हण्याला उद्या सकाळी करू दे. नियम स्कूबाचा आहे, तुमच्या नळीचा नाही. टाकीतून खोल पाण्यात श्वास घेतला की दाबाखालची हवा आत जाते आणि तिच्यातला नायट्रोजन रक्तात मुरतो. वर आल्यावर तो हळूहळू निघतो. त्याआधी विमानात बसला तर केबिनचा दाब असतो सहा ते आठ हजार फुटांवरच्या डोंगरासारखा, म्हणजे सोड्याच्या बाटलीचं झाकण खट्कन उघडल्यासारखं, आणि बुडबुडे नको तिथं सांध्यात, मज्जारज्जूत. एकच साधा डाइव्ह असेल तर किमान १२ तास, जास्त डाइव्ह असतील तर १८ तास थांबायचं. पुष्कळ जण हिशोबाला सोपं म्हणून २४ सांगतात. बुधवारी सकाळचा डाइव्ह आणि शुक्रवारी अकराचं विमान, म्हणजे दोन दिवस मध्ये आहेत. गुरुवारी मात्र नको. तुम्ही वरच तरंगणार, वरचीच हवा घेणार, तुम्ही विमानतळाच्या वाटेवर उतरलात तरी चालतंय.

वेळेचं ऐका. घड्याळ आपलंच आहे, सूर्य आपला नाही. बेळगाव साडेचौऱ्याहत्तर रेखांशावर, नील त्र्याण्णववर. अंशाला चार मिनिटं धरा, सव्वा तासाचा फरक पडतो. आपल्याकडे सव्वाआठला जेवढं ऊन, तेवढं तिथं सातलाच. संध्याकाळी साडेपाचला कारभार बंद. भरतीचा कोकणातला तिथीच्या पाऊणपटीचा हिशोब (तिथीचा आकडा गुणिले पाऊण, तेवढ्या वाजता भरती) तिथं लावू नका, किनारा वेगळा, वेळ वेगळी. पोर्ट ब्लेअरचं कोष्टक बघा. ते नसेल तर तुमचंच निरीक्षण पुरे: आज तीनला ओहोटी, रोज साधारण पन्नास मिनिटं पुढं सरकते, आणि भरती तिच्या सहा तास आधी. म्हणजे उद्या आठ-नऊला पाणी बरोबर. गुरुवारी साडेआठच्या आधी नको. पाणी कमी असलं की पाय खाली टेकतात, आणि पाय टेकला की मोडतं. गोल धोंड्यासारखे जे प्रवाळ दिसतात ते वर्षाला सेंटिमीटरभर वाढतात, कधी तेवढेही नाही. २०१० ला आणि २०१६ ला पाणी तापून अंदमानचे कितीतरी प्रवाळ पांढरे पडले होते, आता कुठं सावरलेत तिथं आपल्या फिनचा (पायातल्या रबरी वल्ह्याचा) फटका नको. दमलात तर पाठीवर उताणे व्हा, जॅकेट तरंगवतं.

मिशी. सगळी काढू नका. नाकाखालची वरची पट्टी फक्त, करंगळीच्या अर्ध्या जाडीएवढी, वस्तऱ्यानं साफ करा. मास्कची कड तिथं कातडीवर बसते. बाकी मिशी खाली तशीच. व्हॅसलिन जपून, मास्क सिलिकॉनचा असेल तर ठीक, रबरी असेल तर रबर खातं. मास्क भाड्याचा असेल तर विचारून लावा. काच धुकटत असेल तर आतून थुंका, बोटानं फिरवा आणि एकदा पाण्यात बुडवून काढा. किळस नको, सगळे तेच करतात.

शहापूरकर

बाकी सगळं मान्य, पण शेवटची रात्र ब्लेअरलाच काढा. समुद्र बिघडला की बोटी रद्द होतात आणि शुक्रवारी सकाळी नीलवरून पोचतो म्हणणारे मी जेटीवर रडताना बघितलेत.

जेलचं माझं मत वेगळं. दोन तासांत 'करून टाकायची' जागा नाही ती. सात इमारती चाकाच्या आऱ्यांसारख्या बांधल्या होत्या, १८९६ ला काम सुरू, १९०६ ला पुरं, आता तीनच उभ्या आहेत. सावरकर १९११ ते १९२१ तिथं होते, त्यांची कोठडी बघायला रांग लागते. तुम्हाला मन पाण्यात ठेवून तिथं फिरायचं असेल तर त्यापेक्षा नीलवरच राहा. पण वहिनींना विचारून.

जाता जाता: जुनी वीसची नोट घरात कुठं असेल तर तिच्या मागचं चित्र बघा. समोरचा नॉर्थ बे आहे तो, दीपस्तंभासकट.

उद्यमबागचा लेथवाला

गुरुवार रात्र. ब्लेअरला पोचलोय. सगळ्यांना उत्तर द्यायचं राहिलं, रेंजच नव्हती.

बुधवारी पहाटे हॉटेलच्या आरशासमोर पट्टी मारली. जावईबापू, अर्ध्या करंगळीची म्हणालात, माझी पाऊण झाली, डावीकडे हात घसरला. सौ. दोन मिनिटं नुसती बघत राहिली. मग म्हणाली, 'मग उरलेली तरी कशाला ठेवलीय?'

पण गळती बंद. एक थेंब नाही. बुधवारी पन्नास मिनिटं आणि आज साडेआठला उतरून पाऊण तास. एक मोठा शिंपला दाखवला पोरानं, प्रवाळात रुतून बसलेला, ओठ जांभळे-निळे, वर मखमलीसारखे ठिपके. त्याच्यावर माझी सावली पडली आणि त्यानं ओठ मिटले. मी बाजूला सरकलो, उघडले. परत सावली, परत मिटले. चार-पाच वेळा केल्यावर माझी मलाच लाज वाटली, सुम्ने का छळायचं म्हणून पुढं सरकलो. समुद्रफुलात ते नारिंगी पांढऱ्या पट्ट्याचे मासे पण होते, त्यांच्याकडे सगळ्यांचीच गर्दी. मला आवडलं ते वेगळंच. कान पाण्यात गेले की सगळीकडून तडतड तडतड येतं, थांबतच नाही, मोहरीची फोडणी कुणी अखंड देत असल्यासारखं. पोरगं म्हणालं छोट्या कोळंबीसारखे प्राणी नांगी आपटतात, त्याचा आवाज. आज पाण्यातून बाहेर यायची वेळ झाली तेव्हा मास्क काढून, फक्त कान बुडवून थोडा वेळ पडून राहिलो. मेव्हण्याला वाटलं मला काही झालं, तो कपड्यांसकट आत.

बोटीत हुबळीचं एक जोडपं भेटलं, त्यांच्याशी कन्नडमध्ये दोन तास गप्पा, त्यांच्याकडचे शेंगादाण्याचे लाडू आणि आमच्याकडचा उरलेला कुंदा. आठ दिवस टिकला कुंदा, सांगून ठेवतो.

शहापूरकर, तुमचं ऐकलं आणि नाहीपण. जेल बघितलं, तीनला आत गेलो, संध्याकाळचा लाइट अँड साउंड पण बघितला. मन पाण्यात होतं, खरंय. पण कोठडीचं दार बघताना कडीकडं लक्ष गेलं. दारात नाही, बाजूच्या भिंतीत हातभर आत नेऊन बसवलीय, आतल्या माणसाचा हात पोचूच नये म्हणून. ज्यानं हे डोकं चालवलं तो आपल्याच धंद्यातला कुणीतरी असणार. ते काही बरं वाटलं नाही. तिथून पुढं मी फार बोललो नाही.

काकू, शंख सागरिकातून घेतला, बिल खिशात.

जावईबापू, एक शेवटचं. मास्क नळीसकट विकत घेतलाय. मे महिन्यात कामगार सुट्टीवर जातात, तेव्हा मालवणला आलो तर दिसेल काय?

मालवणचा जावई

मे नको दादा. मेच्या शेवटाला पाणी गढुळतं, मग पावसाळाभर बंदच. डिसेंबर-जानेवारीत या, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या अंगाला उतरवतो. अंदमानएवढं स्वच्छ नाही, आधीच सांगतो. मास्क गोड्या पाण्यानं धुऊन सावलीत वाळवा, उन्हात नको, आणि डब्यात ठेवताना काचेवर वजन नको. नोव्हेंबरात आठवणीनं पट्टी परत मारा, आणि या वेळी न्हाव्याकडून.