परतावा अडकल्यास फॉर्म ९११
अमेरिकेतील आयकराचा परतावा महिनोन्महिने अडकल्यास आपल्या काँग्रेस सदस्याच्या कार्यालयाला लिहावे, असा सल्ला दिला जातो आणि तो चुकीचा नाही; मात्र ती कार्यालये अशी प्रकरणे सहसा करदात्यांना मदत करणाऱ्या टॅक्सपेअर अ‍ॅडव्होकेट सर्व्हिसकडेच पाठवतात, त्यामुळे फॉर्म ९११ भरून स्वतःच तिथे अर्ज करणे मला अधिक सरळ वाटते. ही सेवा आयआरएसचाच, म्हणजे अमेरिकेच्या कर खात्याचाच, भाग असली तरी स्वतंत्रपणे काम करते, आणि ती विनामूल्य आहे. अर्जात केवळ उशिराची तक्रार न करता, थकलेले घरभाडे, वीज तोडण्याची नोटीस, रखडलेले औषधोपचार अशी जी खरी अडचण असेल ती कागदपत्रांसह मांडावी. आयआरएसकडून ओळख पडताळणीचे पत्र आले असेल तर मात्र आधी त्याला उत्तर द्यावे. तोवर या सेवेचेही हात बांधलेले राहतात.