वाहतुकीच्या दंडाच्या चलनावरचा फोटो आधी उघडून बघा
'सिग्नलवरचे चलन पाठवणारे कॅमेरे म्हणजे निव्वळ वसुली' असं लोक म्हणतात, ते मला अर्धंच पटतं. कोल्हापुरात दाभोळकर कॉर्नरला सिग्नल लाल असताना झेब्रा पट्ट्यांवर चाक टेकवून उभं राहायची सवय काय कॅमेऱ्यानं लावली नाही आपल्याला. पण केंद्रीय मोटार वाहन नियमांत २०२१ साली आलेल्या १६७-अ या नियमाबद्दल कुणीच बोलत नाही. तो आला तेव्हाच त्यात लिहिलं होतं: कॅमेऱ्याची पाटी आधी लावायची, नोटीस १५ दिवसांत पाठवायची, तीही फोटोसकट.

माझ्या स्प्लेंडरवर मागं हेल्मेटचं चलन आलं. फोटो उघडला तर गाडी भलत्याचीच, मागं दुधाची किटली अडकवलेली! त्याच्या नंबरातला ८ माझा ३ म्हणून वाचलेला. हरकत घेतली, दंड रद्द झाला. दोन महिने गेले त्यात, आणि तोवर 'दंड भरा'चे मेसेज सुरूच.