मोनोट्यूब शॉक घ्या, पण दगडांचंही बघा
कच्च्या रस्त्यांसाठी गाडीला कोणता शॉक ॲब्सॉर्बर घ्यावा या प्रश्नावर मोनोट्यूब, म्हणजे एकाच नळीचा शॉक, लवकर गार होतो म्हणून तोच घ्या असं उत्तर आलंय, ते ऑस्ट्रेलियातल्या गिब रिव्हर रोडसारख्या कॉरुगेशनवाल्या (लाटांसारख्या आडव्या उंचवट्यांच्या) रस्त्यांना पटतंच, तासन्‌तास थरथर चालली की शॉकमधलं तेल तापून पातळ होतं आणि गाडी तरंगायला लागते, थांबल्यावर शॉकजवळ नुसता हात नेला तरी झळ लागते. पण दगडांबद्दल कुणीच बोललं नाही. मोनोट्यूबची बाहेरची नळी हाच सिलिंडर, पिस्टन थेट तिच्यातच फिरतो, चाकाने उडवलेल्या दगडाचा खोल पोचा पडला की पिस्टन अडकला, खेळ खल्लास! ट्विनट्यूबची, म्हणजे दोन नळ्यांच्या शॉकची, आतली नळी वेगळी असते, त्यामुळे पोचा पडूनही तो बहुतेक वेळा चालत राहतो. म्हणून मोनोट्यूब घेणार असाल तर स्टोनगार्ड (दगडांपासून वाचवणारं कवच) लावाच.

आणि शॉक कितीही भारी असू दे, डांबरी रस्ता संपला की टायरमधली हवा थोडी उतरवा आणि वेगही कमी ठेवा, बरीचशी थरथर टायरच खातो.