८ इंची दुर्बिणीचं कोलिमेशन (आरसे एका रेषेत जुळवणं) : लेझर पुरेसा की चेशायर (भोकातून बघून आरसे जुळवायची नळी) घ्यावा?

मृगशीर्ष: ८ इंची एफ/६ (फोकल रेशो, म्हणजे फोकल लांबी भागिले आरशाचा व्यास) डॉबसोनियन, म्हणजे साध्या फिरत्या पेटीवरची आरशाची दुर्बीण आहे. कोथरूडहून वेल्ह्याला गाडीतून नेली की आरसे हलतात. फोकसरमध्ये (आयपीस, म्हणजे डोळ्याची भिंगनळी, बसते त्या नळीत) लावलेल्या लेझरचा ठिपका मधोमध आणला तरी २०० पटींना तारा शेपूट फुटल्यासारखा दिसतो. काय घ्यावं?

शततारका: आधी लेझर तपासा. फळीवर खिळ्यांच्या दोन जोड्या ठोकून खाच करा, लेझर त्यात ठेवून ५ मीटरवरच्या भिंतीवर ठिपका पाडा आणि लेझर जागच्या जागी फिरवा. ठिपका गोल काढत असेल तर लेझरच तिरका आहे, कडेच्या बारीक स्क्रूंनी सरळ करा. पण सरळ लेझरसुद्धा फोकसरचा स्क्रू आवळताना कलतो, म्हणून आरशावरून परत येणाऱ्या ठिपक्यावर मुख्य (तळाचा मोठा) आरसा लावू नका. त्यासाठी चेशायरच घ्या. तोवर फोकसरच्या प्लॅस्टिकच्या टोपणाला अगदी मधोमध २ मिमी भोक पाडा, आतून पांढरा कागद चिकटवा.

नळी आडवी ठेवा. उभ्या नळीत ॲलन की निसटली तर थेट आरशावर. भोकातून बघत आधी सेकंडरी (नळीच्या तोंडाजवळचा छोटा तिरका आरसा) फोकसरच्या बरोबर खाली आणि गोल दिसेल अशी करा. मागे रंगीत कागद धरला की तिची कड स्पष्ट कळते. मग सेकंडरीच्या तीन स्क्रूंनी मुख्य आरशाला धरणाऱ्या तिन्ही क्लिपा सारख्या दिसू द्या. शेवटी मुख्य आरशाच्या मागचे स्क्रू फिरवून भोकाचं काळं प्रतिबिंब आरशाच्या मध्यावर चिकटवलेल्या खुणेच्या कड्यात मधोमध आणा. हा क्रम मोडू नका, सेकंडरी हलली की मुख्य आरसा पुन्हा लावावा लागतो.

मृगशीर्ष: सगळं जुळलं, पण सेकंडरीची काळी सावली किंचित मुख्य आरशाकडे सरकलेली दिसते.

शततारका: ती तशीच हवी, तिच्या मागे लागू नका. सेकंडरीची रुंदी भागिले फोकल रेशोची चौपट, म्हणजे ५० मिमीला साधारण २ मिमी सरक येते.

पुनर्वसू: शेपटाचं कारण कोमा, म्हणजे ताऱ्याला धूमकेतूसारखी शेपटी फुटवणारा आरशाचा दोष. कोमा जाणवत नाही असा मधला भाग एफ/६ ला जेमतेम ४.८ मिमी, एफ/५ ला २.८. तो आयपीसच्या मध्यापासून सरकला की मधला ताराही बिघडतो. बरेचदा हे मुख्य आरशामागचे लॉक स्क्रू (आरसा जागेवर पक्का करणारे) आवळताना होतं. आधी ते सैल करा, शेवटी तिन्ही आळीपाळीने थोडे थोडे आवळा आणि प्रत्येक वेळी भोकातून बघा. तरी हलत असेल तर आरशामागच्या स्प्रिंगा मऊ पडल्यात, जाड तारेच्या घाला.

अंतिम खात्री ताऱ्यावरच. आरसा तासभर हवेवर निवू द्या. ध्रुव जवळजवळ जागचा हलत नाही, पण पुण्यात तो क्षितिजापासून फक्त साडेअठरा अंशांवर, तिथली हवा थरथरते. त्यापेक्षा डोक्यावरचा ठळक तारा घ्या, ६ मिमी आयपीसमध्ये दर वेळी मधोमध आणा, चार-पाच कडी दिसतील इतकाच फोकस सोडा. कडी एकीकडे दाटलेली दिसली तर मुख्य आरशाचा एकच स्क्रू अष्टमांश फेरा फिरवा, तारा परत मध्ये आणा आणि बघा. जास्त दाटली तर उलट फिरवा.