व्हर्मिलियन म्हणजे कुंकू की शेंदूर?

महालकर
आमच्या हळदीकुंकवाची पत्रिका भाचीनं तिच्या ऑफिसातल्या मैत्रिणींसाठी इंग्रजीत केली. त्यात कुंकवाचं झालं ‘व्हर्मिलियन’. त्याच आठवड्यात नागपूरच्या टेकडी गणपतीवरचा एक इंग्रजी मजकूर माझ्याकडे तपासायला आला, तर मूर्तीवरचा शेंदूरही ‘व्हर्मिलियन’! दोन्ही ठिकाणी शब्द चुकलाय, असं माझं स्पष्ट मत आहे.

कुंकू हळदीचं. हळदीला चुना किंवा खार लागला की ती लाल होते. पारंपरिक शेंदूर शिशाचा. आणि मूळचं व्हर्मिलियन पाऱ्या-गंधकाचं, म्हणजे आपला हिंगूळ, ज्यातून आयुर्वेदातल्या रसशास्त्रात पारा काढतात. घरातली हळद, शिसं आणि पारा एकाच शब्दात कोंबले तर वाचणाऱ्याला काय कळणार? साडीला इंग्रजीतही साडीच म्हणतात ना, मग कुंकवाला कुंकूच लिहावं.

धरमपेठचा वाचक
ताई, मुळाशीच जायचं तर व्हर्मिलियन पाऱ्याचंही नाही. लॅटिनमध्ये ‘वर्मिक्युलस’ म्हणजे बारका किडा. किड्यांपासून काढलेल्या तांबड्या रंगाचं ते नाव, पुढे हिंगुळाला चिकटलं. आपल्या ‘किरमिजी’तही कृमीच आहे, आणि इंग्रजी क्रिमझन त्याच कुळातला. किरमिजी लुगडं म्हणताना कुणाला किडा आठवतो का?

कुंकवाचंही तेच. संस्कृतात कुंकुम म्हणजे केशर. ते नाव आपण हळदीच्या पुडीला दिलं आणि कुणाचं काही अडलं नाही. मोनियर-विल्यम्सच्या १८९९ च्या संस्कृत-इंग्रजी कोशात ‘सिंदूर’ शब्दासमोर रेड लेड आणि मिनियम, म्हणजे शिशाचा शेंदूर, यांच्याबरोबर व्हर्मिलियनही दिलंय. इतका जुना वापर चूक कसा म्हणता येईल?

महालकर
केशराचा मुद्दा मान्य, तो माझ्या ध्यानात आला नव्हता. पण शब्द बदलल्यानं वस्तूचा गुण बदलत नाही. शिसं अंगात जाणं वाईट, लहान मुलांना तर फारच. शिसं असलेल्या सिंदूराबद्दल अमेरिकेच्या एफडीएनं, म्हणजे तिथल्या अन्न-औषध नियामक संस्थेनं, लोकांना सावध केलेलं आहे. तिकडे वाढलेल्या मुलीनं दोन्हीला व्हर्मिलियन असंच वाचलं, तर कपाळाला काय लावावं आणि काय लावू नये हे तिला कुठून कळणार? माझा जीव तिथे अडकतो.

इतवारीवाला
आमचं पूजेच्या सामानाचं दुकान आहे, म्हणून बोलून राहिलो. नवीन पोरं येतात अन् म्हणतात, ‘काका, ते लाल पावडर द्या.’ मी आधी विचारतो, देवाला लावाचं की कपाळाला? मारुतीले तेलात कालवून चढवतात तो शेंदूर नारिंगीकडे झुकते, कुंकू गडद असते. शेजारी शेजारी ठेवले तर लेकरूही ओळखते. पण ताई, एक सांगतो. बाजारातलं सगळंच कुंकू आता हळदीचं नसते, रंग टाकलेलंही येते. मंग ‘कुंकू’ लिहिल्यानं तरी पोरगी धोक्यातून कशी वाचणार? पुडीवर आत काय आहे ते छापलं पाहिजे, माझं म्हणणं एवढंच.

रंगपेटी
मी शाळेत चित्रकला शिकवते आणि माझं मत महालकरांच्या विरुद्ध आहे. एलिमेंटरी-इंटरमिजिएटला बसणाऱ्या मुलांसाठी व्हर्मिलियन ही पोस्टर कलरची बाटली आहे. नारिंगीची झाक असलेला तेजस्वी लाल, बस्स. त्यात पारा आहे का, हे कुणी विचारत नाही. फाल्गुनात रामटेकच्या वाटेवर पळस फुलतो, तेव्हा मुलांना मी व्हर्मिलियनमध्ये थोडा पिवळा मिसळायला सांगते. रंगाचं नाव म्हणून हा शब्द फार चांगला आहे, आणि शेंदराच्या छटेला तो जवळचाही आहे. कुंकवाला मात्र नाही. कुंकू त्याहून खोल, क्रिमझनकडचं. म्हणजे भाचीचं चुकलं, पण टेकडीच्या मजकुरात चूक नाही.

धरमपेठचा वाचक
हे पटतं. व्हर्मिलियन हा रंग आहे, पदार्थ नव्हे. त्याला रसायनाचा निकष लावायचा तर ‘मिनिएचर’ शब्दही टाकावा लागेल. तो आलाय ‘मिनियम’वरून, म्हणजे शिशाच्या शेंदरावरून. हस्तलिखितात त्या रंगानं अक्षरं रंगवायचे. आकारानं लहान हा अर्थ नंतर चिकटला.

महालकर
रंगपेटी, छटेचं तुमचं म्हणणं मी मानते. आभाळ शेंदरी झालं, पळस पेटला, तिथे खुशाल व्हर्मिलियन लिहा. पण मूर्तीला छटा लावत नाहीत, शेंदूर लावतात. हात भरतात, तेलाचा वास येतो. तिथे मला वस्तूचं नाव हवं. टेकडीच्या मजकुरात मी ‘शेंदूर’ ठेवला आणि पुढे ‘तेलात कालवलेला तांबडा लेप’ एवढं इंग्रजीत जोडलं. भाचीनंही पत्रिकेत कुंकूच केलं.

धरमपेठचा वाचक
तुमच्या त्या इंग्रजी ओळीतून शिसं गळलंच की, ताई. ज्याच्यासाठी जीव अडकला होता, तेच वाचणाऱ्याला कळणार नाही.

महालकर
बरोबर पकडलंत. मजकूर अजून छापायला गेलेला नाही. उद्या सकाळीच ती ओळ दुरुस्त करते.