मदत हवी आहे: सी ड्राइव्ह भरला आहे, गेमच्या सेव्ह फायली डी ड्राइव्हवर सुरक्षितपणे कशा हलवाव्यात?

नमस्कार.

माझ्या संगणकात दोन ड्राइव्ह आहेत. विंडोज ११ ज्यावर आहे तो सी ड्राइव्ह २५६ जीबीचा एसएसडी आहे आणि तो काठोकाठ भरला आहे. डी ड्राइव्ह १ टीबीचा असून निम्म्याहून अधिक रिकामा आहे. सगळे गेम मी पहिल्यापासून डीवरच इन्स्टॉल करत आलो, त्यामुळे त्यांच्या सेव्ह फायलीही तिथेच असणार असे मी धरून चाललो होतो. तसे नाही, हे आज कळले.

काल सुमारे तीन तास खेळून मी नेहमीप्रमाणे सेव्ह केले. पडद्याच्या कोपऱ्यातले चिन्ह फिरले आणि नाहीसे झाले, कोणतीही सूचना आली नाही. आज गेम उघडला तेव्हा शेवटच्या तीन सेव्ह उघडेनात. डॉक्युमेंट्समधल्या माय गेम्स या फोल्डरात शोधून तारखेनुसार यादी लावली, तर सर्वांत वरच्या दोन फायलींपुढे ० केबी, तिसरीपुढे ४,०९६ केबी आणि चौथीपासून खाली प्रत्येकीपुढे साधारण ११,००० केबी असे आकडे दिसले. म्हणजे तिसरी फाइल लिहिता लिहिता जागा संपली आणि पुढच्या दोन्हींत काहीच उतरले नाही, असा माझा अंदाज आहे.

या एका गेमच्या सुमारे २८० सेव्ह फायली आहेत, म्हणजे जवळजवळ ३ जीबी. त्यांतल्या साठेक माझ्या धाकट्या बहिणीच्या आहेत. ती परीक्षेमुळे सध्या खेळत नाही, पण परत येईल तेव्हा तिचा खेळ जिथे सोडला तिथेच तिला सापडला पाहिजे. माझ्या तीन तासांपेक्षा मला त्याचीच अधिक काळजी आहे. रिसायकल बिन रिकामा करून मी तूर्त १ जीबीच्या आसपास जागा केली आहे.

माझे विचारणे असे की, या फायली कापून सरळ डीवर टाकल्या तर गेमला त्या सापडणार नाहीत, मग योग्य मार्ग कोणता? क्लाउड सिंक (सेव्हची प्रत इंटरनेटवर आपोआप ठेवणारी सोय) चालू आहे, त्यामुळे काही बिघडेल का? आणि त्या ० केबीच्या फायलींतून काही परत मिळू शकते का?

प्रतिसाद १

सर्वांत आधी क्लाउडचे बघा, बाकीचे नंतर. गेम आणि त्याचा लाँचर (गेम सुरू करणारा प्रोग्रॅम) दोन्ही पूर्ण बंद करा, लाँचर घड्याळाशेजारच्या चिन्हांत उघडा राहिलेला नाही याची खात्री करा आणि काम होईपर्यंत इंटरनेट तोडून ठेवा. सिंक करणारा प्रोग्रॅम फाइल चांगली की खराब हे पाहत नाही, तो बहुधा तारीख पाहतो. तुमच्या ० केबीच्या फायली सर्वांत नव्या असल्याने त्या क्लाउडवरच्या चांगल्या प्रतीवर चढण्याचा धोका आहे. पुढे कधी स्थानिक प्रत ठेवायची की क्लाउडवरची, असा प्रश्न पडद्यावर आला, तर घाईने नव्या तारखेची प्रत निवडू नका.

मग ते संपूर्ण फोल्डर, खराब फायलींसकट, जसेच्या तसे डीवर कॉपी करा. कापू नका, कॉपीच करा.

० केबीच्या फायलीत परत मिळवण्याजोगे काही नसते. अनेक गेम जुनी फाइल उघडून आधी रिकामी करतात आणि मग तीत नवे लिहितात; डिस्कवर जागा नसेल तर रिकामी करणे पार पडते आणि लिहिणे अडते. काळजीपूर्वक बनवलेले गेम आधी वेगळ्या तात्पुरत्या फाइलीत लिहितात, ते पूर्ण झाल्यावरच तिला मूळ नाव देतात आणि जुनी प्रत बाजूला ठेवतात. स्टारड्यू व्हॅली या गेमच्या सेव्ह फोल्डरात नावाच्या शेवटी ओल्ड जोडलेली आधीची प्रत असते, ती याचे उदाहरण. तुमच्या फोल्डरातही बॅक, टीएमपी किंवा ओल्ड अशा शेपटाच्या फायली आहेत का ते पाहा.

प्रतिसाद २

वरच्या प्रतिसादाशी सहमत. हलवण्याबद्दल सांगतो.

गेम कुठे इन्स्टॉल केला आणि त्याच्या सेव्ह कुठे जातात, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बहुतेक गेम सेव्ह फायली वापरकर्त्याच्या फोल्डरात ठेवतात: काही डॉक्युमेंट्समध्ये, काही सेव्ह्ड गेम्समध्ये आणि पुष्कळसे ॲपडेटा या लपवलेल्या फोल्डरातल्या लोकल, लोकललो किंवा रोमिंगमध्ये. युनिटीवर (गेम बनवण्याच्या एका सॉफ्टवेअरवर) बनवलेले बरेच गेम लोकललो वापरतात, तर माइनक्राफ्टच्या जावा आवृत्तीची जगे रोमिंगमध्ये असतात आणि एकेक जग काही जीबींपर्यंत वाढू शकते. कोणत्या गेमच्या सेव्ह कुठे असतात याच्या नोंदी पीसीगेमिंगविकीवर चांगल्या ठेवलेल्या आहेत.

तुमच्या फायली डॉक्युमेंट्समध्ये असल्याने काम सोपे आहे. डॉक्युमेंट्सवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडा, लोकेशन या टॅबमध्ये मूव्ह निवडून डीवरचे नवे, रिकामे फोल्डर दाखवा. थेट डी ड्राइव्हचे मूळ कधीही दाखवू नका, कारण मग संपूर्ण ड्राइव्हच डॉक्युमेंट्स होऊन बसतो आणि तो गुंता सोडवणे त्रासाचे असते.

ॲपडेटातल्या गेमसाठी जंक्शन, म्हणजे जुन्या पत्त्यावरून नव्या फोल्डराकडे नेणारा दुवा, वापरावे. संपूर्ण ॲपडेटा हलवू नये, फक्त त्या गेमचे फोल्डर घ्यावे: डीवर कॉपी करावे, दोन्हीकडची फायलींची संख्या आणि एकूण आकार ताडून पाहावा, सीवरच्या मूळ फोल्डराचे नाव बदलावे आणि मग कमांड प्रॉम्प्टमध्ये एमकेलिंक ही आज्ञा तिरकी रेघ जे या पर्यायासह द्यावी. तिच्यात आधी सीवरचा जुना पत्ता आणि नंतर डीवरचा नवा पत्ता येतो, दोन्ही अवतरणचिन्हांत. ही आज्ञा कमांड प्रॉम्प्टची आहे, पॉवरशेलमध्ये ती थेट चालत नाही. यानंतर गेम जुन्याच पत्त्यावर लिहीत राहतो आणि फाइल प्रत्यक्षात डीवर उतरते. ज्या ड्राइव्हवर जंक्शन करायचे तो एनटीएफएस या (विंडोजच्या फायली साठवण्याच्या) पद्धतीचा असावा लागतो. डी जर काढता-घालता येणारा ड्राइव्ह असेल तर हे करू नका. तो जोडलेला नसेल त्या दिवशी गेमला एकही सेव्ह दिसणार नाही.

एक महत्त्वाचे. वनड्राइव्ह (मायक्रोसॉफ्टची क्लाउड सेवा) तुमच्या डॉक्युमेंट्सचा बॅकअप घेत असेल तर तो आधी थांबवा आणि त्याच्या फोल्डरात जंक्शन करू नका.

प्रतिसाद ३

सेव्ह हलवाव्यातच, पण त्याने ड्राइव्ह मोकळा होईल अशी अपेक्षा ठेवू नये. २५६ जीबीत ३ जीबी म्हणजे फार नाही, उरलेले कशाने भरले ते शोधले नाही तर महिन्याभरात पुन्हा तीच वेळ येईल आणि तेव्हा विंडोजच अडखळू लागेल. कशाने किती जागा घेतली ते दाखवणारा विझट्री किंवा विनडिरस्टॅट हा प्रोग्रॅम चालवून पाहा.

माझ्या अनुभवात मोठे वाटेकरी ठरलेलेच असतात. हायबरनेशनची (चालू काम डिस्कवर ठेवून संगणक बंद करण्याच्या सोयीची) फाइल रॅमच्या साधारण ४० टक्के असते, म्हणजे १६ जीबी रॅमला ६ जीबीहून अधिक. हायबरनेट वापरत नसाल तर प्रशासक म्हणून उघडलेल्या कमांड प्रॉम्प्टमधून ती बंद करता येते, मात्र त्यासोबत फास्ट स्टार्टअप (संगणक लवकर सुरू होण्याची सोय) हेही बंद होते. त्याखेरीज ग्राफिक्स कार्डाचा शेडर कॅश (चित्रे लवकर दिसावीत म्हणून साठवलेल्या फायली), गेम कोसळल्यावर साचणाऱ्या डंप (बिघाडाच्या नोंदींच्या) फायली आणि व्हिडिओज फोल्डरातल्या कॅप्चर्समधली रेकॉर्डिंग पाहा. ही रेकॉर्डिंग लोक विसरूनच जातात.

धागाकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. कालपासून जे केले ते इथे नोंदवतो.

इंटरनेट तोडून आधी सगळे कॉपी केले. फोल्डरात बॅक शेपटाची एक फाइल होती, ११,२०० केबीची आणि त्याच रात्रीच्या वेळेची. तिचे नाव बदलून, इंटरनेट न जोडता, गेममध्ये उघडली आणि ती उघडली! तीन तासांपैकी शेवटची सुमारे चाळीस मिनिटेच गेली.

डॉक्युमेंट्स लोकेशन टॅबमधून डीवर नेले. संख्या ताडली, एकही फाइल कमी नाही. नवी सेव्ह केल्यावर ती डीवर आत्ताच्या वेळेसह आणि पूर्ण आकाराची दिसली, त्यानंतरच इंटरनेट जोडले. लाँचरने दोन प्रतींबद्दल विचारले, तेव्हा मी स्थानिक प्रत निवडली, कारण त्या क्षणी ती तपासलेली होती.

सीवरचा मोठा वाटेकरी रेकॉर्डिंगच निघाले, ४६ जीबी. ते डीवर हलवले आहे.

बहिणीच्या साठच्या साठ सेव्ह यादीत दिसतात आणि त्यांतल्या चार मी उघडून पाहिल्या. सुरुवातीला काढलेली संपूर्ण प्रत मात्र मी अजून ठेवली आहे. परीक्षा संपल्यावर ती स्वतः बसून आपला खेळ उघडेल, तेव्हाच ही प्रत पुसायची की नाही ते ठरवीन.