छोट्या मशिन शॉपमध्ये मालकाने कोणती कामं सोडावीत, आणि कशी?

टर्निंगवाला, भोसरी
चार सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणारे लेथ), एक व्हीएमसी (तसंच मिलिंग मशिन), दोन शिफ्ट, माणसं अकरा. फर्स्ट पीस (सेटिंगनंतरचा पहिला नग) ओके करणं, इन्सर्ट (टूलची बदलायची कटिंग टिप) मागवणं, चलन, ई-वे बिल (माल गाडीतून पाठवतानाचं जीएसटीचं कागदपत्र), पेमेंटचे फोन, सगळं माझ्याकडेच. कोटेशनची ड्रॉइंग दोन-दोन दिवस पडून राहतात, गुरुवारची सुट्टीही बिलांत जाते. मॅनेजर ठेवण्याइतकी उलाढाल नाही. सुरुवात कुठून करू?

मायक्रोमीटर
आधी सहा दिवस वही ठेवा. कोण आलं, काय विचारलं, एवढंच लिहा. तेच तीन प्रश्न फिरून फिरून येतात: पीस ओके का, इन्सर्ट संपले, पुढचा जॉब कोणता.

पहिल्यांदा फर्स्ट पीस सोडा. पण नुसतं 'तू बघून घे' म्हणालात तर रिजेक्शन ठरलेलं, कारण कुठपर्यंत स्वतः ठरवायचं हे सेटरला (मशिनवर जॉब लावणाऱ्याला) माहीत नसतं. समजा डाया (व्यास) 25 ±0.02 मिमी आहे. 24.99 ते 25.01 हिरवा पट्टा, त्याबाहेर पण ड्रॉइंगच्या आत तो पिवळा. सलग पाच पीस हिरव्यात आले की सेटरने सही करून मशिन सोडायचं. पुढे ठरलेल्या वेळी सलग दोन पीस मोजायचे. एक पिवळा चालेल. दोन्ही एकाच बाजूला पिवळे, तर ऑफसेट (टूलच्या जागेची दुरुस्ती) सेटरनेच द्यायचा. एक वर आणि एक खाली गेला तर मशिन बंद आणि तुम्हाला फोन. तिथे ऑफसेटने भागत नाही, चक (जॉब धरणारा भाग) किंवा टूल होल्डर ढिला असू शकतो. ड्रॉइंगबाहेर एक जरी गेला तरी बंद.

आणि हे व्हर्नियरवर नको. 0.02 मिमी लीस्ट काउंटने (मोजता येणारं सर्वात छोटं माप) 0.04 चा पट्टा मोजणं म्हणजे अंदाजपंचे. 0.001 चा डिजिटल मायक्रोमीटर द्या.

इन्सर्टचं सोपं आहे. एक डबी वापरात, एक सीलबंद. सील फुटलं की त्याच दिवशी ऑर्डर. विचारायचं फक्त ग्रेड बदलायचा असेल तर.

ऑफिसचं टेबल
ई-वे बिलाच्या पोर्टलवर सब-युजर करता येतो. ऑफिसच्या माणसाला तो करून द्या, स्वतःचा पासवर्ड देऊ नका. माणूस सोडून गेला की तेवढाच सब-युजर बंद करता येतो. गाडी नंबर चुकला तर भाग-ब (गाडीचा तपशील) बदलता येतो, रक्कम किंवा जीएसटी नंबर चुकला तर 24 तासांत रद्द करून नवीन काढायचं. हे एका कागदावर लिहून टेबलासमोर चिकटवा, अर्धे फोन तिथेच थांबतील.

बँकेत मेकर-चेकर घ्या. एन्ट्री ऑफिसचा माणूस करेल, मंजुरी तुमची, दिवसातून एकदाच, संध्याकाळी 5 ला. ओटीपी फोनवर सांगायची सवय मात्र आजच मोडा.

दर महिन्याचं रिटर्न असेल तर जीएसटीआर-1 (विक्रीचं रिटर्न) ची 11 तारीख. विक्रीची बिलं सीएकडे 5 तारखेला गेलीच पाहिजेत. पीएफ आणि ईएसआयसी 15 ला.

उधारी वही
वरचं सगळं मान्य, पण पेमेंटचे फोन पूर्ण सोडू नका. तुमची उद्यम नोंदणी (सरकारची लघुउद्योग नोंदणी) असेल तर लेखी करार असला तरी गिऱ्हाइकाची पैसे द्यायची मुदत 45 दिवसांपलीकडे जात नाही, करार नसेल तर 15. तिसाव्या दिवशी ऑफिसने फोन करावा, चाळिसाव्या दिवशी तुम्ही. रेट कमी करायचा अधिकारही तुमच्याकडेच ठेवा.

टर्निंगवाला, भोसरी
दुसऱ्या शिफ्टला सेटर नसतो. तिथे सही कोणाची?

मायक्रोमीटर
नवीन सेटिंग रात्री लावूच नका. पहिल्या शिफ्टला ओके झालेला जॉबच रात्री चालवा. इन्सर्ट बदलला तर ऑपरेटरने पुन्हा पाच पीस मोजून रिपोर्टवर आकडे लिहायचे. नुसतं 'ओके' लिहिलेला रिपोर्ट सकाळी घेऊ नका.